परमुलखात कोल्हापुरी चहा

कोल्हापुरी चहा ओळखायचा तो दुधावरून. जिल्ह्यात खेडोपाडी म्हशी, १९६३ साली सुरू झालेला ‘गोकुळ’ दूध संघ, तिकडे वारणानगरचा संघ आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून दिले जाणारे धारोष्ण दूध. अशा मुलखात चहा पातळ होईलच कसा? पाण्यात साखर, ठेचलेले आले आणि पावडर घालून पातेले रटरटू द्यायचे, मग दूध ओतून दोन-तीन उकळ्या येऊ द्यायच्या, अशी इथली रीत. इथलाच माणूस शिक्षणाला किंवा नोकरीला लंडन, म्युनिक, न्यू जर्सी गाठतो, घरून नेलेली पावडर त्याच मापाने टाकतो आणि कपात येतो पांचट चहा. दोष बहुधा पावडरीला दिला जातो. खरे पाहता परदेशात चांगला चहा शोधणे म्हणजे आधी चांगले दूध शोधणे.

चहाची ही सवय मुळात फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात चहा म्हणजे साहेबी पेय होते. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळी चहाला गेली म्हणून केवढा गहजब झाला. देशातल्या माणसाला चहाची चटक लागावी म्हणून विसाव्या शतकात मळेवाल्यांनी पद्धतशीर प्रचार केला. निर्यातीच्या चहावर बसवलेल्या करातून त्याचा खर्च भागे. कोल्हापुरात मात्र चहाचा इतिहास वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अस्पृश्य मानलेल्या समाजातले गंगाराम कांबळे यांना त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढायला मदत केली. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवत, सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजत. कुणाच्या हातचा चहा कोण पितो यावर माणसाची पायरी ठरत होती, त्या काळातली ही कृती आहे.

आता पावडर. आपल्याकडची बहुतेक पावडर ‘सीटीसी’ प्रकारची असते. १९३० च्या सुमारास आसामात निघालेल्या या पद्धतीत पान रुळांच्या दातांमधून चिरडले, फाडले आणि वळले जाते, त्यातून बारीक कणीदार दाणा तयार होतो. हा दाणा काही मिनिटांत सगळा रंग आणि कडकपणा सोडतो. दुधातली प्रथिने चहाच्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, त्यामुळे दूध जितके जास्त तितकी पावडर कडक लागते. दार्जिलिंगसारखी लांब पानांची चहापत्ती दुधात उकळली तर तिचा सुगंध जातो आणि कडकपणा तर तिच्यात नसतोच. परदेशी दुकानात देखण्या डब्यातली महागडी पत्ती घेऊन फसगत होते ती इथेच.

भारतीय किराणा दुकान जवळ असेल तर प्रश्न मिटला. लंडनचे वेम्बली आणि साउथॉल, न्यू जर्सीतला एडिसनचा ओक ट्री रोड, दुबईचा मीना बाजार इथे ओळखीची पाकिटे मिळतात. दुकान लांब असेल तर केनियाचा चहा बघावा. तिथला चहा बहुतांश सीटीसीच असतो आणि रंगाला उत्तम उतरतो. ‘इंग्लिश ब्रेकफास्ट’ किंवा ‘आयरिश ब्रेकफास्ट’ नावाची मिश्रणे आसाम-केनियाच्या चहाची असतात, त्यातले आयरिश अधिक कडक. काहीच हाती लागले नाही तर साध्या टी-बॅग कात्रीने फोडून आतली पूड पातेल्यात टाकावी. एका पुडीत दोन-तीन ग्रॅम पूड असते, म्हणून दोन कपांना तीन पुड्या तरी लागतात. पुडी कपात बुडवून वर थंड दूध ओतण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

खरी मेख दुधात आहे. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. अमेरिकेत ‘होल मिल्क’ म्हणून मिळते त्यात सव्वातीन टक्के, ब्रिटनमध्ये निळ्या झाकणाच्या बाटलीत साडेतीनच्या आसपास, हिरव्या झाकणात त्याच्याही निम्मे. नवखा माणूस नकळत हिरवी बाटली उचलतो आणि चहाला रंगच येत नाही म्हणून हळहळतो. तिथले बहुतेक दूध होमोजिनाइज्ड असते, म्हणजे स्निग्धांशाचे कण फोडून दुधात मिसळलेले, त्यामुळे कितीही तापवा, आपल्याकडच्या दुधासारखी जाड साय धरत नाही. जर्मनी, फ्रान्स, स्पेनमध्ये दुकानाच्या उघड्या फळीवर जे दूध असते ते अतिउष्णतेवर तापवून महिनोन्‌महिने टिकवलेले असते. चहात त्याचा शिजका वास येतो. ताजे दूध थंड कपाटात असते, जर्मनीत त्यावर ‘फोलमिल्ख’ आणि साडेतीन टक्के असे लिहिलेले बघून घ्यावे.

मग दाटपणा आणायचा कसा? ब्रिटनमध्ये जर्सी गायीचे दूध मिळते, त्यात स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या दुधाच्या सर्वांत जवळ जाणारे तेच. अमेरिकेत ‘हाफ अँड हाफ’ नावाचे दूध आणि सायीचे मिश्रण सर्वत्र मिळते, दोन कपांच्या दुधात त्याचे तीन-चार चमचे पुरतात. तिसरा मार्ग डब्यातल्या आटवलेल्या, बिनसाखरेच्या दुधाचा, ज्याला ‘इव्हॅपोरेटेड मिल्क’ म्हणतात. आखाती देशांतला प्रसिद्ध ‘करक’ चहा अनेक ठिकाणी याच दुधावर उभा आहे. हे काही नको असेल तर सोपी युक्ती म्हणजे पाण्याचे प्रमाण कमी करून दूध जास्त वेळ आटवणे. घरून दुधाची पावडर नेण्याचा विचार मात्र सोडावा, कारण भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ युरोपीय महासंघात नेता येत नाहीत.

पाण्याचेही थोडे बघावे लागते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचे पाणी जड असते. त्यातल्या चुन्यामुळे चहावर तेलकट दिसणारा तवंग येतो आणि चव दबते. तिथे गाळणीचा जग वापरावा. स्कॉटलंडचे पाणी हलके, तिथे ही अडचण नाही.

भांड्यांत एकच गोष्ट महत्त्वाची. परदेशात अनेक घरांत इंडक्शन शेगडी असते आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचे नेहमीचे पातेले तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटेल असे स्टीलचे पातेले आणि आपली चहाची गाळणी सामानात टाकावी. विजेच्या किटलीत दूध उकळू नये, ते उतू जाऊन किटली बिघडते.

आले, गूळ आणि गवती चहा यांचे कायदे सगळीकडे सारखेच. आल्यात प्रथिने तोडणारे विकर असते. ते कोमट दुधात पडले की दूध फाटते, पाण्यात आधी खळखळ उकळले की निष्प्रभ होते. गुळाचा चहा करताना गॅस बंद करून, चहा जरा निवल्यावर गूळ घालावा, कारण गुळातला आंबटपणा आणि क्षार उकळत्या दुधाला सोसत नाहीत. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याची ढेप परदेशी भारतीय दुकानांत शोधली तर सापडते. गवती चहा थाई किंवा व्हिएतनामी भाजीवाल्याकडे मिळतो. तिथे पातीऐवजी बुडखे विकतात, ते ठेचून पाण्यात उकळले की तोच वास येतो.

बाहेर चहा घ्यायची वेळ आली तर पाश्चात्त्य कॉफीगृहातल्या ‘चाय लाटे’कडून अपेक्षा ठेवू नये. बहुतेक ठिकाणी तो दालचिनी-लवंगाच्या गोड पाकात फेसाळ दूध ओतून देतात, पावडर उकळतच नाही. आखातात करक मागावा, हाँगकाँगमध्ये कापडी गाळणीतून गाळलेला दुधाचा चहा, केनियात दुधात उकळलेला चहा. तुर्कस्तानात दूध मागूच नये. छोट्या कमनीय पेल्यातला तिथला काळा चहा तसाच गोड लागतो, आणि दरडोई चहा पिण्यात तुर्की लोक जगात अग्रभागी आहेत.

जर्मनीत राहणाऱ्याने एकदा तरी उत्तर समुद्राकाठच्या पूर्व फ्रिसलंडला जावे. दरडोई वर्षाला तीनशे लिटरच्या आसपास चहा पिणारा हा प्रदेश, आणि त्यांचे मिश्रण प्रामुख्याने आसामच्या चहाचे. कपात आधी खडीसाखरेचा खडा ठेवतात, त्यावर कडक चहा ओतला की खडा तडतडतो, मग कडेने घट्ट साय सोडतात आणि ती मुळीच ढवळत नाहीत. पहिला घोट सायीचा, मग कडू चहाचा, तळाशी गोड. या चहारीतीचा २०१६ मध्ये जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. पाहुण्याने निदान तीन कप घ्यायचे, अशी तिथली पद्धत. चौथा नको असेल तर चमचा कपात ठेवायचा, नाहीतर यजमान पुन्हा ओततोच.