विमा रुग्णालयाचा, परिचर्येचे काय?

खांदेश्वर परिसरात चिकित्सा करताना पक्षाघाताने अंथरुणास खिळलेले वृद्ध रुग्ण आम्ही नित्य पाहतो. मुलगा-सून सकाळच्या लोकलने मुंबईस जातात. दिवसभर रुग्णाची कूस पालटण्यास घरी कोणी नसते. मग शय्याव्रण, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि पुन्हा रुग्णालय.

आचार्य चरकांनी भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले. आजचा आरोग्यविमा प्रामुख्याने पहिल्या दोहोंचाच भार उचलतो. २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच होय. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या परिचारकाचे वेतन त्यातून मिळत नाही.

जर्मनीने १९९५ मध्ये व जपानने २००० मध्ये दीर्घकालीन परिचर्येचा सार्वजनिक विमा सुरू केला. जपानात, घरी सांभाळणारे कोणी नाही एवढ्याच कारणाने अनेक वृद्ध दीर्घकाळ रुग्णालयात राहत; तो भार हलका करणे हा या विम्याचा एक हेतू होता. अर्थात ही सोय फुकट नाही. तेथे चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो आणि योजनेचा खर्चही वाढत गेला आहे.

आपल्याकडे अशी सार्वत्रिक योजना नाही. म्हणून वैद्यबंधूंनी औषधपत्र देतानाच घरच्यांना कूस पालटणे, त्वचा तपासणे, बसवून भरवणे शिकवावे; आणि उपस्थात्याच्या वेतनाचाही विमा असावा, ही मागणी संघटनेने शासनापुढे मांडावी.