पिशवीशेजारचा फुगवटा

आतड्याचा कर्करोग ग्रामीण भागातही होतो. काही रुग्णांना कायमची कोलोस्टॉमी करावी लागते, म्हणजे मल पोटावर लावलेल्या पिशवीत जमा होतो. आतड्याचं तोंड (स्टोमा) पोटावर आणण्यासाठी स्नायूंत वाट करावी लागते. ती सैल झाली की आतड्याचं वेटोळं त्वचेखाली सरकतं आणि फुगवटा दिसतो. हाच हर्निया. कायमच्या कोलोस्टॉमीनंतर निम्म्यापर्यंत रुग्णांत तो आढळतो, बहुधा पहिल्या काही वर्षांत.

जुनाट खोकला, लठ्ठपणा, धूम्रपान आणि ओझं उचलणं यांमुळे धोका वाढतो. सोयाबीनचं पोतं, उसाची मोळी, भरलेली घागर डॉक्टर परवानगी देईपर्यंत उचलू नये. काढणीच्या दिवसांत हे पाळणं फार कठीण, म्हणून घरच्यांनीच ते काम आपल्याकडे घ्यावं. खोकताना स्टोमाच्या कडेला हातानं आधार द्यावा. आधारपट्टा मापानं घ्यावा.

दुखत नसलेला फुगवटा बऱ्याचदा नुसता तपासणीखाली ठेवतात; त्रास वाढला तर जाळी बसवून शस्त्रक्रिया करतात. मात्र स्टोमा काळा-जांभळा पडला, मल-वायू थांबले, उलट्या किंवा तीव्र वेदना सुरू झाल्या, तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठावं.