कड्यावरची समुद्री भावकी

चाकणहून समुद्र गाठायचा तर आधी तळेगाव चौकातली कोंडी, मग घाट. पण समुद्राची भावकी घाट उतरण्याआधीच भेटते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओघळत्या कातळांना चिमुकल्या गोगलगायी चिकटलेल्या असतात. कूळ खडकाळ किनाऱ्यावरच्या लिटोरिनांचं, बिऱ्हाड मात्र गोड्या पाण्यात. अख्ख्या कुळात असा गट हा एकच.

१८६३ मध्ये भूशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफोर्ड यांनी यांतल्या एकीला थेट सह्याद्रीचंच नाव दिलं: सिहाड्रेन्सिस. गटासाठी निवडलेलं नाव मात्र आधीच एका माशाने पटकावलेलं निघालं. म्हणून १८६९ मध्ये नवं बारसं झालं, क्रेम्नोकोंकस, म्हणजे कड्यावरचा शंख. पुढे बराच काळ शंखाच्या आकारावरच भिस्त राहिली, आणि आकार तर फसवतोच. २०१३ मध्ये लंडनचे डेव्हिड रीड, बंगळूरचे अरविंद आणि मध्यस्थ आडनावाचे तिसरे संशोधक यांनी सगळा पसारा नव्याने तपासला. जिभेवरच्या दातांची पट्टी पाहिली, जनुकांचीही साक्ष काढली. प्रजाती नऊ भरल्या. महाराष्ट्रात तीन, कर्नाटकात सहा. कर्नाटकातल्या साऱ्या विज्ञानाला नव्या.

एवढ्या कशा झाल्या? किनाऱ्यावरच्या बहुतेक लिटोरिनांची पिल्लं लाटांवर तरंगत दूर जातात, जनुकं मिसळत राहतात. कड्यावर तरंगणाऱ्या पिल्लाला जागाच नाही. शेजारच्या धबधब्याशी सोयरीक तुटली की वेगळेपण साचत जातं.

पण सोयरीक न तुटताही फाटे फुटू शकतात, ते स्वीडनच्या किनाऱ्यावर पाहायला मिळतं. तिथल्या लिटोरिना सॅक्सॅटिलिसचीही पिल्लं तरंगत नाहीत. मादी ती थेट जन्माला घालते. खेकड्यांच्या भागातली गोगलगाय मोठी, जाड कवचाची. लाटांच्या खडकावरची छोटी, पातळ कवचाची. दोघींचा संकर होतो, तरी फरक टिकतो. कारण गुणसूत्रांचे काही तुकडे उलटे बसलेले आहेत आणि त्यांतली जनुकं सुटी होत नाहीत. आपल्याकडे गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर व्हेरिअंटनुसार सुट्या भागांचं किट एकाच ट्रॉलीत येतं, तसंच हे.

१९८८ मध्ये विषारी शेवाळामुळे स्वीडनच्याच कोस्टर बेटांजवळच्या, लाटांच्या एका खडकावरच्या गोगलगायी साफ झाल्या. १९९२ मध्ये संशोधक केर्स्टिन योहानेसन यांनी तिथे ७०० गोगलगायी नेऊन सोडल्या, त्याही मुद्दाम खेकड्यांच्या भागातल्या. साधारण ३० पिढ्यांत त्यांची प्रजा लाटांवरच्यांसारखी झाली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. बदलाचा माल नवा नव्हताच. लाटांवरची किटं त्या ७०० जणींत थोड्या प्रमाणात आधीपासून होती, काही शेजारच्या खडकांवरून आली. समुद्राने फक्त निवड केली.

आपल्या कड्यांवर मात्र शेजारून उसनवारीची सोय नाही. पुढच्या कातळापर्यंत मधे कोरडं पठार, आणि गोगलगायीच्या चालीने ते ओलांडायचं म्हणजे एक पावसाळा कसा पुरणार?