सरकारी ठसा आणि कोरलेली नक्षी

कोल्ट एम १९११ हे अमेरिकी लष्कराचे पिस्तूल. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून घडलेले हे .४५ कॅलिबरचे हत्यार लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले आणि पुढे दोन महायुद्धांत ते लाखोंनी तयार झाले. सैनिकाच्या कमरेला लावायचे हत्यार ते. त्यावर शोभेचे काहीच नव्हते. त्यामुळे अंगभर वेलबुट्टी कोरलेले एखादे १९११ पारखीसाठी येते, तेव्हा किमतीआधी प्रश्न येतो तो नक्षीच्या वयाचा.

पिस्तूल रिकामे असल्याची खात्री आधी करतात. मॅगझीन काढल्यावरही एक गोळी आत राहू शकते, म्हणून स्लाइड मागे ओढून नळीच्या मागच्या टोकात डोळ्यांनी पाहावे लागते.

मग ठसे वाचायचे. जुन्या १९११च्या फ्रेमवर डाव्या बाजूला ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ ही अक्षरे असतात. १९२०च्या दशकात सुधारलेल्या एम १९११ए१वर ती उजवीकडे गेली. शिवाय अनुक्रमांक, आणि तपासनिसाची आद्याक्षरे किंवा शिक्का. कोल्टने नागरिकांना विकलेल्या त्याच घडणीच्या पिस्तुलावर सरकारी मालकीचा ठसा नसतो आणि क्रमांकाआधी ‘सी’ हे अक्षर असते. पारखीचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे. सरकारने सैनिकांसाठी नक्षीदार पिस्तुले मागवली नव्हती. हौस असलेला अधिकारी स्वतःच्या पैशाने नक्षीदार हत्यार घेई. जनरल पॅटन यांचे हस्तिदंती मुठीचे प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हर असेच खासगी खरेदीचे. त्यावर कोल्टचे कारागीर कुनो हेल्फ्रिच्ट यांचे कोरीवकाम आहे. म्हणजे ‘सी’ क्रमांकाच्या पिस्तुलावरची नक्षी कारखान्यातली असू शकते. सरकारी ठशाच्या पिस्तुलावरची मात्र बहुतेक वेळा नंतर कोणीतरी कोरून घेतलेली.

बनवणाऱ्याचे नावही पाहायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही पिस्तुले टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने केली, रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने ५५,००० केली आणि शिलाई मशीनवाल्या सिंगरने फक्त ५००. लष्करी दुरुस्तीशाळांत स्लाइड आणि फ्रेम यांची सर्रास अदलाबदल होई. अशी जोडणी लबाडीची नसते, पण भाव उतरवते.

खरी परीक्षा भिंगाखाली होते. हाताने छिन्नी चालवलेल्या चरीची खोली जागोजागी बदलते. वळणावर हत्याराचे बारीक बारीक टप्पे दिसतात आणि चर टोकाला निमुळती होत जाते. लेझरने किंवा आम्लाने काढलेल्या रेषेचा तळ सपाट आणि खोली एकसारखी असते. नंतर चरीच्या आतला रंग पाहायचा. ब्लूइंगच्या आधी कोरले असेल, तर निळसर काळा थर चरीत उतरलेला असतो. युद्धकाळातल्या राखाडी पार्कराइझिंगच्या थरावर नंतर छिन्नी चालली असेल, तर चरीत उघडे पोलाद चमकते. हे उघडे पोलाद लपवायचे म्हणून पुन्हा थर दिला असेल, तर ठशांची अक्षरे चुगली करतात. कोरण्याआधी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावा लागतो. त्या घासण्यात ‘प्रॉपर्टी’तल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि तपासनिसाचा बारीक शिक्का कधी कधी पुरता पुसला जातो. कारागिरी कितीही देखणी असो, हे नुकसान भरून न येणारे आहे. हे हत्यार कुठे घडले, कोणी तपासले, याचा तो धातूवरचा दाखला होता.

सैनिकाने स्वतः कोरलेले नाव वेगळ्या मापाने मोजायला हवे. दुसऱ्या महायुद्धात कित्येकांनी लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठी काढून विमानांच्या पारदर्शक प्लेक्सिग्लासच्या पट्ट्या बसवल्या आणि खाली प्रेयसीचा किंवा पत्नीचा फोटो ठेवला. अशा पिस्तुलावर खिळ्याने ओरखडल्यासारखे नाव किंवा पलटणीचा क्रमांक असेल आणि तो सेवापुस्तकाशी जुळत असेल, तर ती वेडीवाकडी अक्षरे सफाईदार वेलबुट्टीपेक्षा मोलाची. कागद नसेल, तर मात्र ती केवळ ओरखडे.

कागदांत सर्वांत वजनदार म्हणजे कोल्टच्या अभिलेखागाराचे पत्र. अनुक्रमांकावरून पिस्तूल कधी आणि कोणाकडे रवाना झाले, हे त्यात असते. कारखान्यातच नक्षी केल्याची नोंद असेल, तर तीही येते. अशी नोंद असलेल्या ‘सी’ क्रमांकाच्या पिस्तुलाची किंमत कित्येक पटींनी चढते, आणि कारागीर कोण हे ठरले की आणखी. सरकारी पिस्तुलाचा हिशेब उलटा आहे. मूळ थर जितका शाबूत, तितका भाव. नुसते नव्याने ब्लूइंग केले तरी तो निम्म्यावर येऊ शकतो. सिंगरच्या त्या ५०० पैकी एखाद्यावर कोणी नक्षी काढली, तर संग्राहकाच्या लेखी तो ऱ्हासच. कारण अस्सल राहिलेल्या सिंगरसाठी लिलावात लाखो डॉलर मोजले गेले आहेत.

मूठ हस्तिदंती असेल, तर तिची पारख स्वतंत्रपणे करावी लागते. जुन्या हस्तिदंतात उभ्या बारीक भेगा पडतात, कापलेल्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. साच्यातल्या प्लास्टिकला ती साधत नाही. २०१६ पासून अमेरिकेत आफ्रिकी हत्तीच्या दाताच्या आंतरराज्य विक्रीवर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना सवलत मिळू शकते, पण त्यासाठी वयाचा पुरावा लागतो. त्यामुळे पिस्तूल १९१३ चे आणि मूठ नंतर बसवलेली असेल, तर मूल्यांकनात दोन्हींची वये वेगवेगळी नोंदवावी लागतात.