दहावी राहिली? पाबळच्या विज्ञान आश्रमात पोरं हातानं काम करत शिकतात

निकाल लागला की पास झालेल्यांचे फ्लेक्स चौकात लागतात. नापास झालेलं पोरगं मात्र घरामागं मोबाईल घेऊन बसलेलं असतं. पुढं काय? बहुतेक वेळा वीटभट्टी, ऊसतोड, नाहीतर एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर. पोरगी असेल तर लग्नाची बोलणी.

अशा मुलामुलींसाठी शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावात १९८३ पासून विज्ञान आश्रम चालू आहे. नावात आश्रम असला तरी भजन-प्रवचनाचा नव्हे, शिक्षणाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस नोकरी सोडून मुद्दाम दुष्काळी पट्ट्यातल्या गावात येऊन राहिला. शाळेत न टिकलेलं पोरगं ढ नसतं, काम करता करता ते शिकतं, एवढंच त्यांचं म्हणणं. २००३ मध्ये ते गेले. आश्रम चालूच आहे.

इथला मुख्य कोर्स ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेचा, सगळे त्याला ‘डीबीआरटी’ म्हणतात. एक वर्ष तिथंच राहून शिकायचं. दहावी पासची अट नाही. शेती-पशुपालन, वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि चारही सगळ्यांना. म्हणजे पोरीनंही वेल्डिंग करायचं आणि पोरानंही स्वयंपाकघरात शिरायचं. सुरुवातीला पोरं लाजतात, हे सांगायला नकोच.

शेती विभागाचंच बघा. आपल्याला वाटतं, शेतकऱ्याच्या पोराला शेतीत काय शिकवायचं? पण रोपवाटिका हे वेगळं काम आहे. ट्रेमध्ये कोकोपीट भरून टोमॅटोचं बी टाकलं की साधारण २५ ते ३० दिवसांत रोप लावणीला येतं. दोन दिवस पाणी जास्त झालं तर रोपं मानेतून कुजून आडवी होतात. आंब्याचं कोय कलम तर पावसाळ्यातच, कोयीतून आलेलं रोप १०-१५ दिवसांचं, पानं तांबूस असताना बांधायचं. काडी रोपाच्याच जाडीची हवी. काप स्वच्छ नसला, पट्टी सैल राहिली की कलम गेलं. हे पुस्तक वाचून येत नाही, दहा-वीस कलमं वाया घालवूनच येतं. एकदा हात बसला की मात्र घरामागच्या दोन गुंठ्यांतही धंदा उभा राहतो, पाण्याची सोय तेवढी पाहिजे.

आश्रमाची दुसरी गोष्ट मला जास्त पटते. शिकताना केलेलं काम गावाच्या उपयोगाचं असावं, यावर कलबागांचा भर होता. जमिनीत वीज सोडून पाण्याचा अंदाज घेणारं यंत्र आश्रमानं तयार केलं आणि बोअरची जागा पाहायला पोरं शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊ लागली. समोर खरं गिऱ्हाईक असलं की पोरगं आपोआप नीट मोजमाप घेतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या मदतीनं इथं फॅब लॅबही आली. संगणकावर डिझाइन काढून यंत्रानं वस्तू बनवायची प्रयोगशाळा, तीही पाबळमध्ये!

आता पालकांसाठी. या पदविकेवर सरकारी नोकरी लागेल असं धरून पोराला पाठवू नका. स्वतःचा धंदा किंवा कारागिराचं काम, हा तिचा रोख आहे. फी किती, जेवण-राहणं त्यात धरलंय का, मुलींची राहायची सोय कशी, प्रवेश कधी, हे चालू वर्षाचं तिथूनच विचारा, जुन्या व्हॉट्सॲप मेसेजवर जाऊ नका. दहावीही हवी असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, नाहीतर मुक्त विद्यालयाची वाट आहे. दोन्हींच्या तारखा आधीच बघून ठेवा, त्या निघून गेल्या की वर्ष जातं.

आणि बघायला जाताना पोराला सोबत न्या. वर्षभर तिथं राहायचंय त्याला.