मागितलें तेवढेंच

सरकारी कचेरींतील गुप्त कागद बाहेर जातात ते कोणी रात्रीं कुलूप फोडून नेतो म्हणून, असा आपणां बहुतेकांचा समज असतो. डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांनीं तो दृढ केला आहे. परंतु गेल्या वीस वर्षांत जीं मोठीं प्रकरणें उजेडांत आलीं त्यांचे चौकशी-अहवाल वाचूं गेल्यास चित्र निराळें दिसतें. एका खात्याला दुसऱ्या खात्याकडून, किंवा एखाद्या त्रयस्थाला सरकारकडून, कांहीं माहिती हवी असते. ती मागण्याचा त्याला अधिकारही असतो. आणि देणारा कर्मचारी सद्हेतूनें, दिवसाढवळ्या, स्वतःच्या हातानें ती पाठवितो. फक्त मागितलेल्यापेक्षां पुष्कळ अधिक पाठवितो. या एका 'अधिका'पायीं केवढे अनर्थ ओढवले तें पाहण्यासाठीं आम्हीं ब्रिटनमधील तीन प्रकरणें निवडिलीं आहेत. ब्रिटनच कां, असें कोणी विचारील. तेथील सरकार विशेष निष्काळजी आहे असें नाहीं. तेथें अशा चुकीची चौकशी होते आणि तिचा निष्कर्ष लोकांपुढें येतो, हेंच कारण. आपल्याकडील फायली सहसा बोलत नाहींत.

पहिलें प्रकरण २००७ सालचें. ब्रिटनमध्यें मुलांच्या संगोपनासाठीं सरकार आईबापांस भत्ता देतें, आणि त्याचें दप्तर महसूल व सीमाशुल्क खात्याकडे असतें. त्या खात्याचे हिशेब तपासण्याचें काम नॅशनल ऑडिट ऑफिस या स्वतंत्र संस्थेचें. आतां हिशेबतपासनिसास सगळ्या गांवाची कुंडली लागत नाहीं. नमुन्यादाखल कांहीं नोंदी उचलून त्या पडताळून पाहिल्या कीं त्याचें काम भागतें. म्हणून मार्च २००७ मध्यें मागणी करितांना या संस्थेनें स्पष्ट कळविलें होतें कीं, पत्ते, बँकेचे तपशील व आईबापांची माहिती आम्हांस नको. ती काढून टाकावी. यावर खात्यांतून जें उत्तर गेलें त्याचा मथितार्थ असा कीं, माहिती गाळून देण्याचें जादा काम केल्यास खात्यावर खर्च पडण्याचा संभव आहे. तरी हाताशीं आहे तीच माहिती वापरावी. त्या खेपेस सगळें दप्तर गेलें आणि सुखरूप परत आलें. सुखरूप परत आलें हेंच वाईट झालें, असें आम्हांस वाटतें. कारण त्यामुळें ती वहिवाट पडली.

ऑक्टोबरांत पुन्हां मागणी झाली. इंग्लंडच्या ईशान्य भागांत वॉशिंग्टन नांवाचें एक गांव आहे (अमेरिकेची राजधानी नव्हे). तेथील कचेरींतील एका कनिष्ठ कर्मचाऱ्यानें १८ तारखेस सबंध दप्तर दोन सीडींवर उतरविलें, त्या पाकिटांत घातल्या आणि पाकीट खात्याच्या नेहमींच्या टपालांत टाकून दिलें. हें टपाल टीएनटी नांवाची खासगी कंपनी वाहून नेत असे. पाकीट रजिस्टर केलेलें नव्हतें. सीडींना पासवर्ड होता, पण आंतील मजकूर सांकेतिक लिपींत बदललेला नव्हता. पाकीट लंडनला पोंचलेंच नाहीं. तें कळल्यावर दुसऱ्या सीडी तयार होऊन या खेपेस रजिस्टर्ड टपालानें रवाना झाल्या, व त्या बिनबोभाट पोंचल्या. म्हणजे सुरक्षित मार्ग ठाऊक नव्हता असें नाहीं; पहिल्या वेळीं त्याची आठवण झाली नाहीं इतकेंच.

वरिष्ठांच्या कानांवर ही गोष्ट गेली ती तीन आठवड्यांनीं, ८ नोव्हेंबर रोजीं. २० नोव्हेंबरला अर्थमंत्री अॅलिस्टर डार्लिंग यांनीं पार्लमेंटांत उभें राहून सांगितलें कीं, अडीच कोटी माणसांचीं नांवें, पत्ते, जन्मतारखा, राष्ट्रीय विम्याचे क्रमांक आणि बँकखात्यांचे तपशील गहाळ झाले आहेत. कुटुंबें साडेबहात्तर लाख! ज्या घरांत लहान मूल आहे असें जवळजवळ प्रत्येक घर त्यांत आलें. खात्याचे अध्यक्ष पॉल ग्रे यांनीं राजीनामा दिला. पोलिसांनीं कचेऱ्या पालथ्या घातल्या. तबकड्या सांपडल्या नाहींत. सुदैवानें त्या माहितीचा कोणी गैरफायदा घेतल्याचा पुरावाही मिळाला नाहीं. पुढें किअरन पॉयंटर यांनीं चौकशी करून जून २००८ मध्यें अहवाल दिला. त्या एका कनिष्ठ माणसाच्या माथीं खापर फोडणें किती सोपें होतें! अहवालानें तसें केलें नाहीं. माहितीची सुरक्षितता ही गोष्ट खात्याच्या चालकांस महत्त्वाची वाटतच नव्हती, दोष तेथें आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे.

खर्च वांचविण्याचा तो युक्तिवाद आम्हांस मात्र फार ओळखीचा वाटला. आमची उमेद शाळेंत गेली. एखाद्या वरिष्ठ कचेरीकडून पत्र येई कीं, अमुक इयत्तेंत अमुक वयाचीं मुलें किती तें कळवा. मोजून आंकडा लिहिण्यास अर्धा तास लागतो. जनरल रजिस्टरचीं पानें झेरॉक्स करून पाठविण्यास पांच मिनिटें. त्या पानांवर मुलाची जन्मतारीख असते, जात असते, पूर्वींची शाळा कोणत्या कारणानें सोडली तें असतें. ज्यानें आंकडा मागितला त्याला यांतील कांहींच नको असतें. पण 'सगळेंच पाठवा, हवें तें ते पाहून घेतील' हें वाक्य ज्या कचेरींत ऐकूं येत नाहीं अशी कचेरी आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसरें प्रकरण उत्तर आयर्लंडमधील पोलीस दलाचें. माहितीच्या अधिकाराखालीं कोणीं एकानें विचारलें कीं, दलांत प्रत्येक हुद्द्यावर किती माणसें आहेत? प्रश्न निरुपद्रवी, आणि उत्तर म्हणजे थोडेसे आंकडे. ८ ऑगस्ट २०२३ रोजीं एक्सेलच्या फाईलींत तें उत्तर दिलें गेलें व एका सार्वजनिक संकेतस्थळावर सर्वांस पाहण्यास खुलें झालें. आंकड्यांच्या पानामागें त्या फाईलींत आणखी एक पान दडलेलें होतें. ज्या कच्च्या यादीवरून आंकडे काढले तेंच तें पान. त्यांत ९,४८३ अधिकारी व कर्मचारी यांचीं आडनांवें, आद्याक्षरें, हुद्दे व नेमणुकीचीं ठिकाणें होतीं. सुमारें अडीच तासांनीं फाईल काढून घेण्यांत आली. पण इंटरनेटवर अडीच तास म्हणजे युग झालें.

यांत एवढें काय बिघडलें, असें पुण्यामुंबईच्या वाचकास वाटेल. आपल्याकडे फौजदाराच्या दारावर त्याच्या नांवाची पाटी असते. उत्तर आयर्लंडमध्यें तसें नाहीं. तेथें कित्येक पोलीस आपला पेशा शेजाऱ्यांपासून, क्वचित् नात्यागोत्यांतल्या माणसांपासूनही लपवितात. सकाळीं मोटार सुरू करण्यापूर्वीं खालीं वांकून कोणीं स्फोटक तर लावलें नाहीं ना तें पाहतात. त्याच वर्षीं फेब्रुवारींत ओमा गांवीं मुलांचा फुटबॉलचा सराव आटोपून निघालेल्या एका पोलीस अधिकाऱ्यावर त्याच्या मुलादेखत गोळ्या झाडण्यांत आल्या होत्या. तो मोठ्या कष्टानें वांचला. अशा मुलखांत ती यादी बाहेर पडली. आणि ती बंडखोर गटांच्या हातीं गेली असल्याचें पोलीसप्रमुखांनीं पुढें सांगितलें. २०२४ सालीं माहिती आयुक्तांनीं दलास साडेसात लाख पौंड दंड केला. साध्या, सहज पाळतां येण्याजोग्या पद्धतीनें हें टळलें असतें असा अभिप्रायही दिला.

तिसरें प्रकरण याहून भयंकर. अफगाणिस्तानांत ब्रिटिश फौजेस ज्यांनीं साह्य केलें, दुभाषे म्हणून काम केलें, त्यांपैकीं पुष्कळांनीं तालिबानची सत्ता आल्यावर ब्रिटनकडे आश्रयासाठीं अर्ज केले होते. फेब्रुवारी २०२२ मध्यें संरक्षण खात्यांतील एका माणसानें कांहीं अर्जदारांची ओळख पटविण्यासाठीं खात्याबाहेरच्या विश्वासू व्यक्तींकडे एक फाईल पाठविली. आपण सुमारें दीडशें नांवें पाठवीत आहों अशी त्याची समजूत होती. फाईलींत होत्या तेहतीस हजार ओळी, आणि अर्जदार जवळजवळ एकोणीस हजार. ऑगस्ट २०२३ मध्यें त्यांतील कांहीं भाग फेसबुकवर दिसला तेव्हां खात्यास जाग आली. त्यानंतर न्यायालयाचा असा मनाईहुकूम झाला कीं, बातमी तर छापावयाची नाहींच, पण असा हुकूम आहे हेंही सांगावयाचें नाहीं. तो १५ जुलै २०२५ रोजीं उठला तेव्हां ब्रिटिश जनतेस कळलें कीं, या यादीपायीं सरकारनें हजारों अफगाणांस गुपचूप आपल्या देशांत आणून वसविलें आहे. यादींत नांव असल्यानें धोका नक्की किती वाढला याविषयीं पुढें सरकारी चौकशींतच निराळें मत पडलें; पण काबूलमध्यें लपून बसलेल्या दुभाष्याच्या बायकोस त्या मतानें काय धीर येणार?

या शेवटच्या दोन प्रकरणांत फाईल झाकलेली होती, काढलेली नव्हती. एक्सेलमध्यें एखादें पान किंवा कांहीं ओळी दृष्टीआड करण्याची सोय आहे. कागदाची घडी घालावी तशी ती. मजकूर पुसला जात नाहीं, मागें दुमडला जातो, आणि उघडणारा घडी मोडून तो वाचूं शकतो. घडी न घालतां कात्री लावणें, म्हणजे हवे तेवढे आंकडे कोऱ्या फाईलींत नव्यानें उतरविणें व तीच पाठविणें, हा त्यावरचा इलाज. त्याला मोठी विद्या लागत नाहीं.

मोठी विद्या लागते ती कुलपाला, आणि गंमत अशी कीं ती विद्या ब्रिटिश सरकारच्या घरचीच आहे. पूर्वीं सांकेतिक पत्र पाठवावयाचें तर तें उलगडण्याची किल्ली आधीं दुसऱ्याकडे गुप्तपणें पोंचवावी लागे. आणि किल्ली सुरक्षित पोंचविण्याचा मार्ग असता तर पत्रच त्या मार्गानें न धाडावें कां, असा पेंच होता. ब्रिटिश सरकारच्या हेरखात्यांत जेम्स एलिस यांस १९७० च्या सुमारास सुचलें कीं, किल्ली पाठविण्याची गरजच नाहीं. मी उघडीं कुलुपें वाटून ठेवतों. ज्याला मला कांहीं पाठवावयाचें असेल त्यानें पेटींत घालून तें कुलूप दाबावें. किल्ली एकटी माझ्यापाशीं. क्लिफर्ड कॉक्स यांनीं १९७३ मध्यें हें गणितांत बसविलें. सरकारनें तें गुप्त ठेविलें, इतकें कीं मधल्या काळांत अमेरिकेंतील पंडितांनीं तेंच स्वतंत्रपणें शोधून १९७६-७७ मध्यें जगजाहीर केलें. कॉक्स यांचें श्रेय १९९७ सालीं उघड झालें. ज्या सरकारच्या पदरीं हें कुलूप घडलें त्याच सरकारच्या एका खात्यानें तीस वर्षांनीं अडीच कोटींचें दप्तर उघड्या पेटींत धाडावें, यास काय म्हणावें?

कुलपाइतकीच मोहोरेची गरज असते. मराठेशाहींतील पत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस मजकुराच्या अखेरीस असलेली मोर्तब आठवेल. तिच्यावर 'मर्यादेयं विराजते' अशीं अक्षरें असत. येथें लेखनाची सीमा झाली, यापुढें कोणीं एक अक्षर जोडल्यास तें आमचें नव्हे, असा तिचा अर्थ. आजची डिजिटल सही हेंच काम करिते. फाईलींतील एक टिंब बदललें तरी मोहोर मोडते व घेणाऱ्यास तें कळतें.

परंतु कुलूप व मोहोर हीं दोन्ही वाटमाऱ्यापासून रक्षण करितात. आयर्लंडच्या किंवा अफगाणांच्या यादीस उत्तम कुलूप लाविलें असतें तरी उपयोग नव्हता, कारण ज्याच्या हातीं किल्ली द्यावयाची त्याच्याच हातीं जादा माहिती गेली. शिवाय ज्या पेढीमार्फत हीं पाकिटें जातात ती पेढी फुटली तर काय? मे २०२३ मध्यें 'मूव्हइट' या, खास संवेदनशील फायली पोंचविण्यासाठींच विकल्या जाणाऱ्या आज्ञावलींतील एक दोष हेरून 'क्लॉप' नांवाच्या टोळीनें अनेक देशांतील सरकारी खातीं व कंपन्या यांच्या फायली लुटल्या. त्यापूर्वीं 'अॅक्सेलियन' या तशाच एका जुन्या सोयींतून न्यूझीलंडची रिझर्व्ह बँक व अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्याचा हिशेबतपासनीस (पुन्हां हिशेबतपासनीसच!) यांच्या फायली गेल्या होत्या, त्यांत बेकारभत्ता मागणाऱ्या दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. पोंचवून झालेल्या फायली तेथल्या तेथें पुसून टाकिल्या तर चोराच्या हातीं लागतें तें त्या दिवसाचें टपाल. वर्षानुवर्षें त्या पडूं दिल्या तर तें कोठार होतें.

आपल्या देशांत वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. सांगितलेल्या कामास जरूर असेल तेवढ्याच माहितीपुरती संमति धरावी, हें तत्त्व त्या कायद्यांत आलें आहे. सरकारनें स्वतःसाठीं त्यांत बऱ्याच सवलती राखून ठेविल्या आहेत, हें आम्हांस रुचलें नाहीं. वरील तीनही प्रकरणें सरकारी खात्यांचींच आहेत.

घरापुरतें पाहावयाचें तर आधार कार्डाची पूर्ण प्रत आपण किती जणांस देतों! हॉटेलवाला, भाडेकरार करणारा दलाल, सोसायटीचा चिटणीस. आणि ती बहुधा व्हॉट्सअॅपवरून, म्हणजे त्यांच्या फोनमध्यें ती कायमची राहते. यांपैकीं पुष्कळांस आपली ओळख पटल्याशीं काम असतें. त्यासाठीं आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घेतां येतें. त्यांत बारांपैकीं पहिले आठ आंकडे दिसत नाहींत, फक्त शेवटचे चार असतात. आणि येथें झाकलेले म्हणजे छापलेलेच नसतात, घडी मोडून वाचण्याजोगें मागें कांहीं उरत नाहीं. कोणी पूर्ण क्रमांकाचा हट्ट धरिला तर तो कोणत्या कामासाठीं हवा व काम झाल्यावर प्रत कोठें राहील, हे दोन प्रश्न अवश्य विचारावे. प्रत उतरविण्यास पांच मिनिटें लागतात, आणि तें घरांतील कोणाही नातवंडास येतें.