उस्तादांच्या वर्गाला सरकारी मान्यता

आपल्या कारखान्यात चार पोरांना काम शिकवायला कोणाची परवानगी लागत नाही. उस्ताद-शागिर्दाची रीत अशीच चालत आली आहे. प्रश्न येतो तो पाटी लावून, फी घेऊन ‘सरकारमान्य प्रमाणपत्र’ देऊ असे सांगितल्यावर. ट्रस्टची नोंदणी झाली म्हणजे मान्यता मिळाली, असे आपले बरेच कारागीर बंधू समजतात. नोंदणीने संस्था कायदेशीर होते, अभ्यासक्रम मान्य होत नाही.

पूर्वी या कामात 1956 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचे नाव घेतले जाई. तिच्या जागी 2018 च्या अधिसूचनेने नवी राष्ट्रीय परिषद आली व 2020 पासून ती काम पाहते. ही परिषद लहान वर्गांना थेट मान्यता देत नाही. ती प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळांना मान्यता देते आणि ती मंडळे केंद्रांना संलग्न करून घेतात. म्हणून शिवणकामाचा किंवा एसी दुरुस्तीचा वर्ग काढणाऱ्याने अर्ज मंडळाकडे करावा. मात्र ते मंडळ परिषदेच्या यादीत आहे की नाही, हे आधी पाहावे. दलालाच्या शब्दावर जाऊ नये.

अर्ज बहुधा फॉर्मवर नव्हे, जागेवर अडतो. गाळा पागडीचा असेल तर कागद कोणाच्या नावावर, येथूनच सुरुवात होते. प्रत्येक अभ्यासक्रमाला किती विद्यार्थ्यांमागे कोणती हत्यारे व मशीन हवीत, याची यादी ठरलेली असते आणि तपासणीला येणारा ती मोजतो. दिवसभर गिऱ्हाइकांच्या कामात गुंतलेले मशीन दाखवले, तर पोरे शिकणार केव्हा, असे तो विचारणारच.

दुसरी अडचण खुद्द उस्तादाची. तीस वर्षांचा हात, पण शिक्षण सातवीपर्यंत. पूर्वानुभवाच्या आधारे परीक्षा देऊन त्यांना स्वतःच्या कामाचे प्रमाणपत्र मिळू शकते, व ते जरूर घ्यावे. तरी शिक्षक म्हणून नेमणुकीला शालेय पात्रता व शिकवण्याचे वेगळे प्रमाणपत्रही मागतात. अशा वेळी पात्र शिक्षक नेमून उस्तादांनी प्रात्यक्षिकाला उभे राहणे बरे.

घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. पण त्यामुळे मान्यतेच्या वाजवी अटी सुटत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या टी. एम. ए. पै खटल्यात हे स्पष्ट केले आहे.

सर्वांत मोठे नुकसान होते ते अर्ज पडून असताना प्रवेश देण्याने. मान्यता ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक जागेला व ठरावीक मुदतीसाठी असते. जागा बदलली की पुन्हा विचारावे लागते. मान्यतेआधी बसवलेल्या मुलांची परीक्षाच झाली नाही, तर त्यांच्या बापांनी व्याजाने काढून भरलेली फी कोण परत करणार? मान्यतेचे पत्र हातात आल्यावरच पावतीपुस्तक छापावे, आणि पावतीवर अभ्यासक्रमाचे नाव पत्रात आहे तसेच, अक्षर न बदलता घालावे.